गिरकीचे बूट : जून ते सप्टेंबर २०२५

७ जून, शनिवार

साल्सा नाचाच्या वर्गाला तीन महिने झाले आणि उजवा गुडघा आतल्या बाजूने बोलायला लागला. चालताना दुखत नाही, जिना चढताना दुखत नाही. गिरकी घेतली की दुखतो. आज वर्गात पावलं चुकवून घेतली, पण लक्ष मुद्दाम पायाकडेच ठेवलं. कंबर फिरते, मांडी फिरते आणि बूट फरशीला चिकटून जागच्या जागी. मग एकदम सुटतो आणि उशिरा फिरतो. मधल्या त्या क्षणात जो पीळ बसतो तो कुठे जात असेल हे सांगायला डॉक्टर नको.

बूट धावायचे आहेत. खाली खाचांचं रबर, वर दोन बोटं जाड फोम. दुकानदाराने ‘गुडघ्यांसाठी एकदम बेस्ट’ म्हणून दिले होते. धावताना असतीलही. पण ज्या बुटाचं काम घसरू न देणं आहे, त्याच्यावर उभं राहून मी घसरत फिरायला बघतेय.

भोसरीच्या कारखान्यात सव्वीस वर्षं क्वालिटीत काढली. दोष दिसला की आधी मोजायचं, मग बोलायचं. म्हणून ही वही.

१० जून, मंगळवार

फिजिओकडे जाऊन आले. गादी फाटल्याची लक्षणं नाहीत, आतल्या बाजूचा बंध ताणलाय. तीन आठवडे गिरक्या बंद. पाय सरळ ठेवून उचलणं आणि रबरी पट्टा बांधून खेकड्यासारखं आडवं चालणं, दिवसातून दोनदा. नवरा म्हणाला, हाच नाच बरा दिसतोय.

तिने हाडांच्या सांगाड्यावर दाखवलं ते लिहून ठेवते. गुडघा ही मुख्यतः बिजागरी. सरळ असताना नडगीचं हाड जवळपास कुलूपबंद असतं. वाकवल्यावर थोडंफार वळतं, पण ती सवलत समजायची, हक्क नाही. खरं फिरणं खुब्याचं. म्हणजे फिरताना एक तर खालून पाऊल सोबत फिरायला हवं, नाहीतर खुब्याने फिरवलेलं सगळं मधल्या बिजागरीवर येतं. ‘बोटं जिकडे, गुडघा तिकडे,’ हे तिचं वाक्य.

मी विचारलं, मऊ तळाचे बूट घेऊ का? म्हणाली, मऊपणा उड्यांसाठी. तुमचं दुखणं पिळाचं आहे. फार मऊ फोममध्ये चवडा रुततो आणि फिरताना डळमळतो, ते वेगळंच.

१२ जून, गुरुवार

मोजणीचा पहिला प्रयत्न फसला. सामान : प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा डिजिटल काटा, घरातली व्हिट्रिफाइड फरशी, जुन्या मोज्यात भरलेली वाळू. बुटात वाळू घालून एकूण वजन बरोबर २ किलो केलं, हुक नाडीत अडकवला आणि ओढलं. बूट सरकायच्या ऐवजी नाकावर पडला. ओढ वरून बसत होती. हे मला आधी सुचायला हवं होतं. कुणा शिकाऊ पोराने केलं असतं तर मी त्याला ऐकवलं असतं.

१४ जून, शनिवार

दोरी तळाच्या अगदी लगत बांधली. फरशी पुसून कोरडी केली. प्रत्येक बूट पाच वेळा ओढला, मधला आकडा धरला. सरकायला सुरुवात होताना काटा जे दाखवतो त्याला २ ने भागलं की घर्षणांक, म्हणजे बूट फरशीला किती धरतो त्याचा आकडा.

धावायचे बूट : १.७० किलो, म्हणजे ०.८५
शाळेतले पांढरे पीटीचे बूट (लेकीचे, तिचा पाय माझ्याएवढाच) : १.५५, म्हणजे ०.७८
धावायच्या बुटावरून चढवलेला सुती मोजा : ०.६०, म्हणजे ०.३०
कोल्हापुरी, वाळूची पिशवी सुतळीने बांधून : ०.६५, म्हणजे ०.३३

कोल्हापुरी निव्वळ हौस म्हणून मोजली, पण तिचा आकडा बघून थांबले. झाडपाल्याने कमावलेलं चामडं, वापराने गुळगुळीत झालेला तळ. गिरकीला झकास होईल. फक्त ती मागून पायाला धरत नाही. दुसऱ्या गिरकीला ती एकीकडे आणि मी दुसरीकडे. २०१९ साली तिला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा साल्साचा विचार कुणी केला नसावा.

अनवाणी पाय या पद्धतीने मोजता येत नाही. पाय काढून ठेवण्याची सोय नाही.

१५ जून, रविवार

सकाळी गणित केलं. चवडा साधारण ८ सेंटिमीटर रुंद, म्हणजे ४ सेंटिमीटर त्रिज्येची चकती धरली. अशी चकती दाबून फिरवायला लागणारा पीळ म्हणजे दोन तृतीयांश गुणिले घर्षणांक गुणिले वजन गुणिले त्रिज्या. माझं वजन ६२ किलो, म्हणजे सुमारे ६०८ न्यूटन.

धावायचे बूट : जवळपास १४ न्यूटन-मीटर.

ढोबळ आकडा आहे, पाय काही चकती नाही. पण आमच्याकडे एम-६ चा (६ मिलिमीटर जाडीचा) बोल्ट आम्ही सुमारे १० ला आवळतो. म्हणजे प्रत्येक गिरकीला गुडघ्याच्या खालून एक बोल्ट आवळून वर पुन्हा थोडा, आणि तासाभराच्या वर्गात अशा साठ-सत्तर गिरक्या.

घर्षणांक ०.४ केला तर पीळ साडेसहा. आणि इथे खरी गंमत : त्रिज्या निम्मी केली तरी पीळ निम्मा होतो. घर्षणाला हात न लावता.

लहानपणी सहा वर्षं कथक शिकले. अनवाणी, शहाबादी फरशीवर, घामेजल्या पायांनी चक्कर, आणि गुडघा कधी दुखला नाही. वयाचा भाग असेलच, पण बाई सारख्या ओरडायच्या, ‘टाचेवर, टाचेवर! अख्खा तळवा नको!’ कथकचं चक्कर टाचेवर फिरतं. टाच चवड्यापेक्षा किती लहान! बाईंनी त्रिज्या कमी केली होती, कातडीचं घर्षण तसंच ठेवून. हा शब्द त्यांनी वापरला नाही इतकंच.

साल्सात गिरकी चवड्यावर, त्यामुळे ती युक्ती जशीच्या तशी चालणार नाही. पण टाच नीट उचलली तर टेकलेली जागा लहान होते. मी बहुधा टाच घासत फिरते. तेव्हा चकती ८ सेंटिमीटरची नाही, अख्ख्या बुटाची. लिहून ठेवते, मान्य करायला जड जातंय.

नाचाच्या बुटांवर शोधताना अमेरिकेतल्या फुटबॉलचं सापडलं. जोसेफ टॉर्ग या अस्थितज्ज्ञाने १९७१ मध्ये फिलाडेल्फियातल्या शाळकरी खेळाडूंवर लिहिलं होतं : तळाला लांब खुंट्यांचे बूट काढून आखूड आणि जास्त खुंट्यांचे दिले, तर गुडघ्याच्या दुखापती कमी झाल्या. तिथे गवत, इथे फरशी, पण तक्रार तीच. पाय जमिनीत रोवलेला आणि वरचं शरीर वळलेलं.

२१ जून, शनिवार

कोपऱ्यावरच्या चप्पल-दुरुस्तीवाल्या काकांकडे गेले. पेटी नाही, छत्री नाही. शेजारचा चहावाला म्हणाला, पालखी मुक्कामाला आहे ना, ते वारकऱ्यांच्या चपला शिवायला गेलेत. फुकट. दरवर्षी जातात.

आळंदी ते पंढरपूर अडीचशे किलोमीटर चालणाऱ्यांच्या पुढे माझी गिरकी थांबू शकते.

२४ जून, मंगळवार

काकांना धावायचे बूट दाखवले, म्हटलं खाली स्वेड, म्हणजे बारीक लव असलेलं चामडं, लावून द्या. त्यांनी बूट उलटा केला, रबरावर नख दाबलं आणि परत दिला.

‘ताई, हे रबर कागदाएवढं आहे. आत सगळा फोम. खाचा घासून सपाट करायला गेलो तर फोम उघडा पडेल, आणि फोमला सोल्यूशन धरत नाही. साधे पीटीचे आणा, तळ सपाट असतो.’

मी सव्वीस वर्षं ज्याला ‘बेस मटेरियल तपासा’ म्हणते ते हेच. पीटीचे नवे बूट, ३९० रुपये.

स्वेड काकांकडे नव्हतं. पर्सच्या अस्तराचा एक पातळ तुकडा निघाला, तो एवढा मऊ की आठवड्यात भोकं पडतील. मामेभाऊ धारावीत चामड्याच्या दुकानांतून माल घेतो, त्याला फोन केला. चामडं चौरस फुटाने मिळतं, आणि जाडी विचारूनच घ्यायची हे त्याने शिकवलं. दीड मिलिमीटरच्या आसपासचं, आतल्या बाजूच्या थरातून काढलेलं, लव आखूड असलेलं मागितलं.

२८ जून, शनिवार. पहिली जोडी

स्वेड आलं. व्हर्नियरवर १.६ मिलिमीटर. काकांनी रबर कानसने खरबरीत केलं, दोन्हीकडे सोल्यूशन लावलं, बोटाला चिकटेनासं होईपर्यंत वाळू दिलं, मग चिकटवून हातोडीने ठोकलं. अख्खा तळ, बोटांपासून टाचेपर्यंत. कड रापीने (चामडं कापायच्या पात्याने) कापली. मजुरी १२० सांगितली, मी १५० दिले.

घरी मोजलं : ०.७६ किलो, म्हणजे ०.३८. हवा होता तोच आकडा.

स्वयंपाकघरात एक गिरकी घेतली (फिजिओला सांगायचं नाही). आवाज नाही, झटका नाही, मी फिरले आणि थांबले. बरणीत चमचा फिरावा तशी.

१ जुलै, मंगळवार

पहिली जोडी नापास.

तीन आठवड्यांची रजा संपली, वर्गात गेले. गिरक्या उत्तम. पण साल्साचं मूळ पाऊल पुढे-मागे आहे. मागे पाऊल टाकून वजन तिकडे नेताना टाच सरकली आणि मी जवळपास चिमट्यासारखी उघडले. गुडघा वाचला, मांडी ओढली गेली. फिरायला सोपा बूट म्हणजे कुठेही सरकणारा बूट नव्हे. ब्रेक ठेवलाच नव्हता.

निर्णय : स्वेड फक्त चवड्याला, टाचेला मूळ रबर.

३ जुलै, गुरुवार

वर्गात कुणीतरी फरशीवर टाल्कम पावडर शिंपडली, सगळ्यांना सोपं जावं म्हणून. एक जण आपटला. सुदैवाने हातावर निभावलं. पावडरीचा त्रास असा की ती जिथे पडते तिथेच नसते, दुसऱ्याच्या बुटाखालून भलतीकडे जाते. शिवाय माझ्या स्वेडची लव पांढरी होऊन बसली. माझं स्पष्ट मत : घसरण बुटाला लावावी, फरशीला नाही. फरशी सगळ्यांची असते.

तारेच्या ब्रशने घासल्यावर लव पुन्हा उभी राहिली. हा ब्रश बोहरी आळीत ६० रुपयांना मिळाला. एकाच दिशेने, हलक्या हाताने. दाबून घासलं तर चामडंच निघतं.

८ जुलै, मंगळवार. दुसरी जोडी

नवे पीटीचे बूट, स्वेड फक्त पुढे. तीन चुका एकाच जोडीत.

एक, स्वेड जिथे संपतं तिथे दीड मिलिमीटरची पायरी. पाय घासत मागे नेला की ती फरशीच्या सांध्याला अडते. दोन, पाऊस. हवा इतकी दमट की सोल्यूशनवर पांढरट साय आली आणि काठ चौथ्या दिवशी सुटला. तीन, माझा मूर्खपणा : पार्किंगपासून हॉलपर्यंत तेच बूट घालून गेले. भिजलेलं स्वेड म्हणजे ओलं पोतं. मोजून पाहिलं, ०.७०! रबराच्या जवळ गेलं. आणि वाळल्यावर ते कडक आणि चकचकीत झालं, ब्रश मारेपर्यंत तसंच.

नियम : नाचाचे बूट पिशवीत. हॉलच्या दारात बदलायचे. कितीही कंटाळा आला तरी.

१२ जुलै, शनिवार

सरांनी आज वीस मिनिटं फक्त वजन नेण्यावर घेतली. गिरकीआधी एका पायावर पूर्ण उभं राहता आलं पाहिजे. अर्धं वजन मागच्या पायावर ठेवून फिरलं की दोन्ही पाय फरशीला धरून ठेवतात आणि भांडण गुडघ्यात होतं. आधी एका पायावर पाचपर्यंत मोजायचं, मग फिरायचं. मला तीनच्या पुढे जाता येईना. लेकीने व्हिडिओ काढला : टाच घासतेच आहे. १५ जूनचा संशय पक्का.

बूट पीळ कमी करेल, मला उभं राहायला शिकवणार नाही.

१९ जुलै, शनिवार. तिसरी जोडी

काकांसोबत दीड तास बसले. त्यांनी स्वेडचा मागचा काठ रापीने तिरका तासून कागदासारखा केला, म्हणजे पायरीच राहिली नाही. हे काम बघत राहावं असं : रापी स्थिर, चामडं तिच्यावरून सरकवायचं. मी म्हटलं, काका, किती मिलिमीटर ठेवला? म्हणाले, ‘बोटाला लागत नाही एवढा.’ व्हर्नियरने ०.३ आला.

सोल्यूशन या वेळी बल्बखाली वाळवलं. ठोकून झाल्यावर दोन फळ्यांमध्ये दाबून रात्रभर ठेवलं.

स्वेडचा आकारही बदलला. आधी आम्ही बोटांच्या टोकापर्यंत लावत होतो. आता अंगठ्यापुढचं टोक रबरी ठेवलं; थांबताना तिथे टेकलं की ब्रेक लागतो.

बूट निवडण्याबद्दल जे कळलं, ते याच नोंदीत टाकते. हे सगळं पहिल्याच आठवड्यात पाहायला हवं होतं. बूट हातात धरून दुमडला तर चवड्यापाशी वाकला पाहिजे, मध्यावर नाही. मध्यावर वाकणारा बूट पायाची कमान सोडून देतो. धुणं पिळल्यासारखा पिळून पाहावा : थोडा पिळला तर चालेल, पण फडक्यासारखा पिळला तर बाजूचं पाऊल टाकताना पाय बुटात वळेल. टाच घट्ट हवी, बोटांना जागा हवी. गिरकीत बोटं पसरतात. पाय आत फिरला आणि बूट मागून आला तर खालचं स्वेड काय कामाचं? पीटीच्या बुटात टाच ढिली होती, म्हणून सर्वांत वरच्या भोकातून नाडीचा फास घेतला. आत ४ मिलिमीटरचा कडक फोमचा इनसोल. आणि मापं संध्याकाळी घ्यायची, पाय फुगलेले असतात तेव्हा.

२६ जुलै, शनिवार

तिसरी जोडी, तीन वर्ग. पुढचा भाग ०.३९, टाच ०.७७. मागे पाऊल टाकलं की धरतं, चवड्यावर उठलं की सुटतं. टाच घासली तर रबर लगेच अडवतं, म्हणजे बूटच आता चूक दाखवतो. बाई असत्या तर खूश झाल्या असत्या.

गुडघा : वर्गानंतर दहापैकी १. जूनमध्ये ५ होता. यात बुटाचा वाटा किती आणि आडव्या चालण्याचा किती हे वेगळं काढता येणार नाही. दोन बदल एकदम केले. कारखान्यात असा अहवाल मी परत पाठवला असता.

९ ऑगस्ट, शनिवार

वर्गातल्या एकीने परदेशातून आणलेले डान्स स्नीकर घालून बघायला दिले. चवड्याखाली रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी गुळगुळीत प्लास्टिकची चकती, बाकी रबर. तळ दोन तुकड्यांत, मध्ये कमानीपाशी नुसतं कापड. चकतीची कल्पना पाहून आनंद झाला, कारण त्यांनीही त्रिज्याच कमी केली आहे. नेमकं त्या चकतीवर उभं राहिलं तर भोवऱ्यासारखं फिरतं. जरा बाजूला वजन गेलं की रबर पकडतं आणि झटका बसतो. तिच्या पायाचा तोल माझ्यापेक्षा चांगला आहे. मला स्वेडचा मोठा, क्षमाशील पट्टा बरा.

तीन इंची टाचेचे साल्सा सँडलही घातले. दिसतात देखणे, तळाला स्वेडच. टाच उंच, त्यामुळे आपोआप चवड्यावर राहतो आणि गिरकी सोपी जाते. पण १९९८ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात उंच टाचांनी चालताना गुडघ्यावरचा भार वाढतो असं मोजून दाखवलेलं आहे. कार्यक्रमापुरते ठीक, सरावाला नाही. फिजिओला विचारलंही नाही, उत्तर माहीत होतं.

३१ ऑगस्ट, रविवार

गणपतीमुळे वर्ग बंद. वेगवेगळ्या फरश्या मोजून घेतल्या, तिसऱ्या जोडीचा पुढचा भाग : घरची व्हिट्रिफाइड ०.३९, स्टुडिओचं लाकूड ०.४४, सोसायटीच्या हॉलची जुनी मोझॅक ०.३५, पार्किंगचा कोबा ०.६२. कोब्यावर दोनदाच ओढलं, लव उडायला लागली. उघड्यावरच्या कार्यक्रमाला रबरी बूट घालायचे आणि गिरक्या गाळायच्या.

मोझॅकचा आकडा लक्षात ठेवायचा. तिथे आधी दोन गाणी नुसती पावलं.

६ सप्टेंबर, शनिवार

विसर्जन. ढोल-ताशापुढे तीन तास, धावायच्या बुटांवर. एकही गिरकी नाही, सगळं वर-खाली. गुडघा काहीच म्हणाला नाही. दुकानदाराने अगदीच खोटं सांगितलं नव्हतं.

१४ सप्टेंबर, रविवार

झीज मोजली. स्वेड १.६ वर होतं. डावा १.५, उजवा १.३. आमच्या बहुतेक गिरक्या उजव्यावर. या गतीने उजवा आधी संपेल, डावा कितीतरी पुढे चालेल. पुढच्या वेळी फक्त उजवा बदलायचा. काका म्हणाले, जुनं गरम करून सोलता येतं, बूट टाकू नका.

एका पायावर उभं राहणं : उजवा बारापर्यंत, डावा आठ.

वर्गातल्या चौघींनी बूट दिलेत. काकांनी आता स्वेडचा तुकडा पेटीच्या झाकणाला आतून लावून ठेवलाय, दाखवायला. कालच्या एकीला ते सांगत होते, ‘पुढे पळायचं, मागे थांबायचं, तसं लावून देतो.’ मजुरी आता १८० झाली आहे. तिरक्या काठाचे जास्त.